गॅस तपासणीच्या नावाखाली गळ्यात मारलेली जाळी आणि नळी

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला भर दुपारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोघेजण दारात येतात. ‘गॅस एजन्सीकडून आलोय, तपासणी सक्तीची आहे,’ म्हणतात. घरात वयस्कर माणूस एकटं असलं की त्यांचं फावतं. आमच्याकडे सासूबाई एकट्याच होत्या. त्यांच्याकडून अठराशे पन्नास रुपये काढून नेले.

“मावशी, गॅसचं पुस्तक आणा,” म्हणत त्यांनी आधी ग्राहक क्रमांक वहीत उतरवून घेतला. खरा विश्वास बसतो तो इथेच. मग शेगडीची नळी दुमडून दाखवली, “ही बघा चिरलीय, रात्रीत भडका उडेल.” ती नळी मी गेल्याच वर्षी एजन्सीतून आणलेली होती आणि तशी नळी पाच वर्षं चालते. पण सासूबाई घाबरल्या. त्या दोघांनी नवीन बसवली आणि जुनी ‘जमा करायची असते’ म्हणून सोबत नेली, म्हणजे दाखवायला पुरावाही उरला नाही.

वर गॅस वाचवणारी जाळी विकली. आधी बटण बारीक ठेवून ज्योत दाखवली, मग बर्नरवर जाळी ठेवताना हाताच्या आडून बटण पूर्ण उघडलं. ज्योत मोठी दिसणारच! एक टाकी दोन महिने जाईल, असं सांगून गेले.

थोड्याच दिवसांत कुकरचं बूड काळंकुट्ट झालं. ज्योतीला भोवतालची हवा लागते. जाळीने ती अडली की गॅस नीट जळत नाही, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू साचू शकतो. म्हणजे गॅस वाचणं राहिलं बाजूला.

नळीचं तर त्याहून भयंकर. टाकी द्यायला आलेला मुलगा म्हणाला, “ताई, ही आधी काढा.” रेग्युलेटरच्या तोटीवर ती बोटाने मागेपुढे सरकत होती. रंग अगदी अस्सल नळीसारखा केशरी, पण अंगावर आयएसआय चिन्ह नाही, वर्ष छापलेलं नाही. कापून पाहिली तर आत तारेची जाळी नाही, नुसतं रबर. अस्सल नळी एजन्सीत दोनशेच्या आसपास मिळते. एजन्सीत विचारलं तर त्यांनी कोणालाच पाठवलेलं नव्हतं. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, फोन बंद.

एजन्सीची तपासणी असते, नाही असं नाही. पण माणूस दारात असतानाच पुस्तकावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा, त्याने दिलेल्या नंबरवर नको. वस्तूवर आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर घातला की कंपनीचं नाव दिसतं. प्रेशर कुकर आणि गॅस शेगडी घेतानाही हेच बघा, दोन्हींना हे चिन्ह सक्तीचं आहे. गळतीचा वास आला तर काडी ओढून बघणाऱ्याला घरात थांबू देऊ नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, 1906 ला फोन करा.

गॅस वाचवायचाच असेल तर पैसे कुठे घालायचे तेही सांगते. बर्नरची भोकं साफ करायला साधी पिन आणि तारेचा ब्रश, कुकरमध्ये एकावर एक बसणारे डबे, आणि कुकरच्याच कंपनीची रबरी रिंग. रिंग सैल झाली की वाफ कडेने जाते आणि शिट्टीची वाट बघत गॅस जळत राहतो. डाळ, हरभरे आधी भिजवले तर आणखी फरक पडतो, त्याला तर काहीच खर्च नाही. हे सगळं गणपती पेठेत एका फेरीत होतं, आणि दुकान जागेवर असल्यामुळे वस्तू बदलून मिळते.

कोणाच्या घरी अशीच पावती आणि नळी असेल तर फेकून देऊ नका. नळी काढून पिशवीत ठेवा, पावतीचा फोटो घ्या आणि पोलिसांत लेखी अर्ज द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.