मोपाहून कळंगुट: कदंबची बस की प्रीपेड टॅक्सी?

जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून कळंगुटच्या रिसॉर्टवर जाणाऱ्यांसमोर गोवा सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाची बस आणि प्रीपेड टॅक्सी असे दोन पर्याय असतात. बसचे भाडे माणशी असल्याने एकट्यादुकट्याला तीच परवडते. मात्र सुटण्याच्या वेळेपर्यंत थांबावे लागते आणि ती थांब्यावर सोडते, हॉटेलच्या दारात नव्हे. तिथून चाकांची जड बॅग वाळू पसरलेल्या अरुंद गल्लीतून ओढताना हात भरून येतात, हा माझा अनुभव आहे. टॅक्सीचे भाडे गाडीमागे ठरते, त्यामुळे चौघांत वाटून घेतल्यास फरक बराच कमी होतो. सोबत वृद्ध आई-वडील असतील किंवा विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर मी निःसंकोच टॅक्सीच सुचवेन.