सोआवे क्लासिको आणि आपलं हिरव्या मिरचीचं भरीत, जमलंय भो!

इटलीची पांढरी वाईन म्हटलं की लोक चीज नि पास्त्याच्या पुढं जातच नाहीत, पण मी सांगतो, सोआवे क्लासिको ही भरीत पार्टीची वाईन आहे. चुलतभाऊ व्हेरोनाला नोकरीला आहे, त्यानं येताना पिएरोपान या तिथल्या वाईनवाल्यांची सोआवे क्लासिको आणली होती, ती थंडीत यावलकडच्या शेतात उघडली.

ही वाईन व्हेरोनाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवरची. द्राक्ष गार्गानेगा, नियमाप्रमाणे ते किमान 70 टक्के असावंच लागतं. उशिरा पिकणारी जात आहे, आणि तिकडे वेली जुन्या पद्धतीनं मांडवावर चढवतात, आपल्या नाशिकवाल्यांसारख्या. जमीनही पुष्कळशी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची, आपली कपाशीची काळी माती पण बेसाल्टचीच ना, त्यामुळं मला ही वाईन उगाच जवळची वाटते.

रंग फिकट पिवळा, किंचित हिरवट. वास पांढऱ्या फुलांचा, नासपतीचा, थोडा लिंबाच्या सालीचा. चव कोरडी, गोडवा नाही, आणि घोट गिळल्यावर मागे कडू बदामासारखी बारीकशी चव राहते. भरताशी जमतं ते इथंच! तुरीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, मुसळीनं घोटलेली, त्यात लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे, तो शेंगदाणा दाताखाली आला की वर एक घोट घ्या, तो कडवटपणा आणि शेंगदाण्याचा खमंगपणा एकमेकांत असे मिसळतात की बस. धुराचा वास पण दबत नाही, कारण या वाईनला लाकडी पिंपाचा वास नाहीच, ही सिमेंटच्या टाक्यांत तयार होते. अल्कोहोल 12 टक्क्यांच्या आसपास, म्हणून मिरचीचा जाळ वाढत नाही, जड वाईननं तो हमखास वाढतो. सोबत कळण्याच्या पुऱ्या आणि कच्चा मुळा, अजून काय पाहिजे.

वरण-बट्टीबरोबर पण मस्त. तळलेली बट्टी, वर तुपाची धार, त्यावर ही आंबटसर वाईन तोंड स्वच्छ करते, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो, तिथल्या लोकांचं लोणी घातलेल्या रिझोटोबरोबर (तिकडचा मऊ भात) हेच गणित असणार. गार्डा सरोवराचे मासे, शतावरीचे कोंब, मक्याच्या पिठाचा पोलेंता यांच्यासोबत तिकडे पितात, म्हणजे साधं, कमी मसाल्याचं जेवण. तापी काठचा तळलेला मासा असेल तर लिंबू पिळा आणि हीच घ्या.

शेवभाजीबरोबर मात्र घेऊ नका, मनापासून सांगतो. काळा मसाला, वर तर्री, त्यात सोआवे पाण्यासारखी लागते, पैसे वाया. तिथं इटलीच्याच पिएमाँत भागातली मोस्कातो दास्ती बघा, गोडसर, हलके बुडबुडे, अल्कोहोल साधारण 5 टक्के, तिखटाला गोडच आवरतं. आणि खापरावरच्या मांड्यांसाठी सोआवे गावचीच रेचोतो दी सोआवे, द्राक्षं कित्येक महिने सुकवून केलेली गोड वाईन, 1998 ला तिला इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. ती मी अजून चाखली नाही, पुरणाबरोबर कशी लागेल ते बघायचंय, भावाला सांगून ठेवलंय.

थंडपणाचं नीट सांभाळा, 8 ते 10 डिग्री बास. बर्फगार केली तर वासच येत नाही, बदाम तर विसराच. उन्हाळ्यात आपल्याकडे 45 च्या पुढं पारा जातो, ग्लास हातातच कोमट होतो, तेव्हा थोडी थोडी ओता आणि बाटली बर्फाच्या बादलीत राहू द्या. जळगावच्या दुकानांत मला सोआवे दिसली नाही, पुण्या-मुंबईला इम्पोर्टेड वाईनवाल्यांकडे विचारा, लेबलवर ‘क्लासिको’ बघूनच घ्या, कारण नुसती ‘सोआवे’ सपाट जमिनीवरची पण असते आणि ती बऱ्याचदा पातळ लागते.