‘डूम इटर्नल’ : मोकळीक गेली, धार आली

इड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ मे २०१६ मध्ये नव्या रूपात आला, तेव्हा नेमबाजीच्या गेममध्ये रुळलेली एक सवय त्याने मोडीत काढली. गोळी लागली की आडोशाला बसायचे, अंगात पुन्हा बळ येईपर्यंत थांबायचे आणि मग डोके वर काढायचे, असा त्या काळातल्या बहुतेक नेमबाजीच्या गेमचा शिरस्ता होता. ‘डूम’मध्ये थांबणाऱ्याची धडगत नव्हती. राक्षस अर्धमेला होऊन चमकू लागला की त्याला भिडून एका फटक्यात संपवायचे आणि त्यातूनच आपला घटलेला जीव भरून काढायचा, ही त्याची ‘ग्लोरी किल’ची युक्ती होती. लालबाग-परळच्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसा समोरच्या फळीत शिरूनच गडी टिपावा लागतो, तसा इथे वाचण्याचा मार्गही शत्रूच्या अंगावरूनच जात असे. या पार्श्वभूमीवर पुढच्या भागाकडून माझ्या अपेक्षा फार मोठ्या होत्या, आणि त्या पुऱ्या झाल्या की नाही याचे एका शब्दात उत्तर देणे मला आजही जमत नाही.

तो पुढचा भाग, म्हणजे ‘डूम इटर्नल’, २० मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास मुंबईतली दुकाने बंद झाली आणि पाठोपाठ लोकलही थांबल्या, त्यामुळे डिस्क विकत घेऊन खेळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हाती तो बराच उशिरा, लॅमिंग्टन रोडवर वापरलेल्या डिस्क पुन्हा मिळू लागल्यावर पडला.

या भागाने पहिल्या भागातली युक्ती उचलली आणि तिचा कायदा केला. जीव हवा असेल तर ग्लोरी किल, दारूगोळा हवा असेल तर चेनसॉ (यांत्रिक करवत), चिलखत हवे असेल तर खांद्यावरच्या यंत्रातून आग ओकून राक्षस पेटवायचा आणि तो जळत असताना त्याच्यावर मारा करायचा, अशी प्रत्येक गरजेची स्वतंत्र वाट ठरवून दिली आहे. बंदुकांमध्ये मावणारा दारूगोळा मुद्दाम इतका कमी ठेवला आहे की आवडती बंदूक घट्ट धरून बसणाऱ्याची ती काही क्षणांत रिकामी होते. चेनसॉच्या इंधनाचा एक कप्पा मात्र आपोआप भरत राहतो, म्हणजे दर थोड्या वेळाने एखादा किरकोळ राक्षस कापून दारूगोळा मिळवावा, हे गेमने गृहीतच धरले आहे. शिवाय मोठ्या राक्षसांना नेमके दुबळे भाग दिले आहेत. अॅरॅक्नोट्रॉनच्या पाठीवरची तोफ आधी उडवावी, मॅन्क्युबसचे तोफेचे हात निकामी करावेत, कॅकोडीमनच्या उघड्या जबड्यात हातबाँब टाकावा, हे पडद्यावरच्या सूचना तुम्हाला खेळ थांबवून सांगतात.

हे सगळे एकदा हातात बसले की जे घडते, त्याची सर पहिल्या भागातल्या कोणत्याही लढाईला नाही, हे मी मनापासून मान्य करतो. ‘सुपर गोर नेस्ट’ या टप्प्यातली एखादी मोठी झुंज घ्या: सुपर शॉटगन या बंदुकीला जोडलेला साखळीचा आकडा उडत्या राक्षसाला अडकवून स्वतःला त्याच्याकडे खेचून घ्यायचे, हवेतच गोळी झाडायची, खाली येता येता दोनदा झेप घेऊन बाजूला सरकायचे, एखाद्या हडकुळ्या राक्षसावर चेनसॉ चालवायची आणि जमिनीला पाय लागण्याआधी पुढची बंदूक हातात घेतलेली असायची. डोके आणि बोटे यांच्यातले अंतर इतके कमी झाल्याची जाणीव मला दुसऱ्या कोणत्याही गेमने दिलेली नाही. त्यात मिक गॉर्डन यांचे संगीत लढाईच्या तीव्रतेबरोबर चढत जाते. घरातली माणसे शेजारीच झोपलेली असताना हेडफोन लावून खेळणाऱ्याला, म्हणजे मुंबईतल्या बहुतेक खेळाडूंना, हे संगीत अगदी कानाशी भेटते आणि त्याचा परिणाम अधिकच होतो. साध्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) या कन्सोलवरही या धुमश्चक्रीत गेम अडखळत नाही, याचे श्रेय त्याच्या इंजिनाला, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, द्यायलाच हवे.

माझी तक्रार त्या कायद्याच्या जाचाबद्दल आहे. पहिल्या भागात एखाद्या लढाईला कसे भिडायचे, हे माझे मी ठरवीत असे. एकाच बंदुकीवर प्रेम करण्याची मुभा होती आणि त्या प्रेमाची किंमतही मीच मोजत होतो. इथे बहुतेक प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली आहेत आणि खेळाडूने ती वेळेत द्यावीत एवढीच अपेक्षा आहे. या वृत्तीचे टोक म्हणजे ‘मारॉडर’ हा शत्रू. त्याच्या हातात कुऱ्हाड आणि ढाल असते. लांब राहिलात तर तो दुरून वार करतो, अगदी जवळ गेलात तर त्याची शॉटगन चालते, आणि ढालीवर गोळ्या झाडत राहिलात तर तो एक भुताळी श्वापद अंगावर सोडतो. मधल्या अंतरावर थांबायचे, त्याचे डोळे हिरवे चमकण्याची वाट पाहायची आणि त्या निमिषभरात वार करायचा, एवढाच खरा मार्ग उरतो. ही लढत अवघड आहे म्हणून मला खटकत नाही; अवघड तर सगळेच आहे. ज्या गेमने तोपर्यंत तासन् तास ‘थांबू नकोस’ हेच शिकवले, तोच इथे मला उभे राहून वाट पाहायला लावतो, आणि आजूबाजूला इतर राक्षसांचा कल्लोळ चालू असताना तर हा विरोध फारच बोचतो.

लढायांच्या मधल्या उड्या आणि भिंतींवरची चढाई यांना मी नावे ठेवणार नाही, कारण दोन झुंजींमध्ये तेवढी उसंत लागतेच. मात्र जांभळ्या चिखलात उडी आणि झेप दोन्ही बंद करणाऱ्या जागा निव्वळ कंटाळवाण्या आहेत.

कथेच्या बाबतीत मात्र पुढचा भाग मागे पडला आहे. २०१६ च्या गेमच्या सुरुवातीलाच पडद्यावरून समजावू पाहणाऱ्या माणसाचा मॉनिटर नायक हाताने भिरकावून देतो, आणि त्या एका कृतीतून त्याचा स्वभाव कळतो. ‘इटर्नल’मध्ये त्याच नायकाभोवती तीन हेल प्रीस्ट (नरकाचे पुजारी), खान मेकर, सेंटिनल अशा पात्रांचे आणि जमातींचे मोठे पुराण रचले आहे. मागच्या भागाच्या शेवटी तो जिथे होता तिथून या भागाच्या आरंभी अवकाशातल्या किल्ल्यात कसा पोचला, हे सुरुवातीला कुठेच नीट सांगितलेले नाही. उलट वाचायला कोडेक्सची, म्हणजे गेममधल्या माहितीसंग्रहाची, पानेच्या पाने दिली आहेत. ज्या माणसाला कथेत रस नव्हता म्हणून तो आवडला, त्यालाच दंतकथेतला देव करून टाकण्याची गरज नव्हती.

तरीही ज्यांनी मालिका कधीच खेळलेली नाही त्यांनी २०१६ चा भाग आधी खेळावा आणि मग ‘इटर्नल’कडे यावे, असे मी सुचवेन; कारण उलट क्रमाने गेल्यास जुना भाग संथ वाटेल आणि त्याच्यावर अन्याय होईल. पीएस४ ची डिस्क असली तरी डिस्कची सोय असलेल्या पीएस५ वर जून २०२१ पासून सुधारित आवृत्ती विनामूल्य मिळते, त्यामुळे जुनी डिस्क घ्यायला हरकत नाही. रक्तपात भरपूर असल्याने हा प्रौढांचाच गेम आहे. सूचनांच्या चौकटी सेटिंगमधून बंद करता येतात, पण पहिले काही टप्पे त्या चालू ठेवाव्यात. काठिण्य पातळी नेहमीच्या मोहिमेत मध्येच बदलता येते, तेव्हा ती कमी करण्यात संकोच बाळगू नये. आणि ‘एआरसी कॉम्प्लेक्स’मध्ये मारॉडर पहिल्यांदा समोर येण्याआधी किल्ल्यातल्या रिपेटोरियम या सरावाच्या आखाड्यात सुपर शॉटगन आणि दुसरी एखादी बंदूक झटपट बदलण्याचा हात बसवून घ्यावा.