३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च: पानातला लाल उजेड बघायला घेतला होता

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला हा टॉर्च धान कापणीपर्यंत शाळेत वापरून झालाय. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात प्रयोगशाळा नाही. हरितद्रव्य प्रकाश घेऊन स्वतः लाल उजेड टाकतं, हे पोरांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. त्या कामाला हा नक्की पुरतो.

सगळ्यात देखणा दिसतो अर्क. पालक किंवा सांबार (कोथिंबीर) खलबत्त्यात कुटायचा, मेडिकलमधलं स्पिरिट घालायचं, गाळून काचेच्या बाटलीत भरायचं. खिडकीसमोर हिरवागार, अंधारात टॉर्च मारला की लालभडक! उन्हात ठेवू नका, रंग उडतो.

पान मात्र फिकं दिसतं, आणि लोक तिथंच टॉर्चला नावं ठेवतात. ते मला पटत नाही. जिवंत पान घेतलेल्या प्रकाशातला काही भाग अन्न बनवायला लावतं, बराचसा उष्णतेत घालवतं. लाल होऊन परत येतो तो जेमतेम एक-दोन टक्के. अर्कात अन्न बनवणारी यंत्रणाच मोडलेली असते, म्हणून तो इतका चमकतो.

टॉर्चची खरी उणीव त्याचा स्वतःचा जांभळा उजेड. पानाची लाली त्यात बुडते. डोळ्यांसमोर लाल जिलेटिन कागद धरला की काम होतं. मग काउट्स्की आणि हिर्श या शास्त्रज्ञांनी १९३१ साली जर्मनीत टिपलेली गंमतही दिसते: पान वीसेक मिनिटं अंधारात ठेवून प्रकाश टाकला की लाली आधी भरते, मग हळूहळू उतरते. पानाचं काम सुरू होताना बघतोय, असं वाटतं. मला स्वतःला हा प्रयोग सगळ्यात आवडतो.

बोडीतलं (लहान तळ्यातलं) हिरवं तंतूंचं शेवाळ ओलं असताना सुरेख लाल दिसतं. नीलहरित शेवाळाचा थर त्यामानाने मंद, कारण त्याचं बरंचसं हरितद्रव्य ज्या प्रकाशयंत्रणेत (पेशीतल्या प्रकाश वापरणाऱ्या भागात) असतं ती नेहमीच्या तापमानाला जवळजवळ चमकतच नाही. (रात्री बांधीवर (धानाच्या शेतावर) जाताना विंचूही हिरवट चमकून दिसतात, पण तो उजेड त्यांच्या कवचाचा.)

चार्जिंग ठीक टिकतं, लाइन गेली तरी तास निघतो. पैसे जास्त असतील तर काळ्या काचेचा ३६५ वाला घ्या, जांभळा उजेड कमी येतो. दोन्हींपैकी कुठलाही पोरांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. आमच्याकडे टॉर्च गुरुजींच्याच हातात असतो.