जुनी मोटरसायकल आणि उन्हाळ्याचा एक दिवस: घाट घ्यावा की सपाटीचा आडरस्ता?

वीसेक वर्षांची, कार्बोरेटरची (म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण यंत्राने होणारी), वाऱ्यावर थंड होणारी गाडी आहे. एक दिवस मोकळा मिळालाय आणि हमरस्त्यावर ट्रकच्या मागे धूर खायचा नाही, एवढं पक्कं आहे. आता डोंगरावरून जाणारा घाट धरायचा, की नदीच्या कडेकडेने शेतांतून जाणारा सपाट रस्ता? बघण्यासारखं दोन्हीकडे भरपूर असतं, त्यामुळे त्यावरून ठरवता येत नाही. मी गाडीच्या तब्येतीवरून ठरवतो.

घाट म्हटलं की बहुतेकांना चढाची धास्ती. ती अगदीच खोटी नाही. अशा इंजिनाला थंडावा मिळतो तो सिलिंडरवरच्या फिन्समधून, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, जाणाऱ्या वाऱ्याचा. चढावर सेकंडमध्ये ताशी वीस-पंचवीसने रखडत जाताना ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे पिळलेला असतो आणि वारा मात्र जेमतेम. भरीला, दर 1000 मीटर उंचीला हवा साधारण दहा टक्के विरळ होते आणि ताकदही जवळपास तेवढीच घटते. कार्बोरेटरला उंची कळत नाही, तो पेट्रोल पहिल्यासारखंच पाजत राहतो. मग ठिणगी पाडणारा प्लग काळा पडतो, गाडी जड वाटते, आयडलिंगला (उभ्या उभ्या चालू असताना) गुरगुरते. अशा वेळी वर बसून कार्बोरेटरचे स्क्रू पिळू नका. खाली आलं की आपोआप ताळ्यावर येते.

पण त्याच 1000 मीटरला तापमानही साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पहाटे निघून ऊन चढायच्या आत माथा गाठला तर चढाचा त्रास निम्मा होतो. आणि चढावर गाडी थकलीच, तर ती हळू होते, तुम्ही कडेला घेता, अर्धा तास बसता. दिवस थोडा लांबतो, एवढंच.

उतारावर काही बिघडलं तर मात्र थांबायचीच पंचाईत असते. ड्रम ब्रेक सतत दाबून धरला की लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) तापून गुळगुळीत झाल्यासारखा वागतो, ड्रम गरम होऊन फुगतो, आणि पायाखालचं पेडल दर वळणाला थोडं थोडं खाली जाऊ लागतं. जळकट वास आला म्हणजे उशीर झालेला असतो. पुढे डिस्क असेल म्हणून निर्धास्त राहू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल 230 अंशांच्या आत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखा दबतो. दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर आधी ते काम करून घ्या, मग घाटाचं बघू.

उतरायची रीत जुनीच: ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची आणि ब्रेक वळणाआधी मारून सोडून द्यायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे अजून भेटतात, त्यांच्या मागे जाऊ नका. टू-स्ट्रोक असेल तर आणखी एक गोष्ट. तिला ऑइल पेट्रोलबरोबर मिळतं. ॲक्सिलरेटर बंद ठेवून लांब उतार उतरलात की पिस्टन कोरडा पडायला लागतो, म्हणून मधूनमधून क्लच दाबून हलकी रेस द्यायची.

म्हणून माझा ठोकताळा असा: डोंगराची जी बाजू उभी आहे तिथून चढायचं आणि लांबलचक, सौम्य बाजूने उतरायचं. पुष्कळ जण उलटं करतात, गाडीला चढ सोपा जावा म्हणून. म्हाताऱ्या गाडीची दया येते ती चढताना, आणि भलत्या ठिकाणी येते.

आता सपाटीचं. पन्नास-साठचा एकसारखा वेग, टॉप गिअर, फिन्सना भरपूर वारा. जुन्या इंजिनाला याहून सुखाचं काही नाही. कागदावर हा सामना सपाटी सहज जिंकते. तरी माझी गाडी भर उन्हात बंद पडली ती याच रस्त्यावर. अरुंद रस्ता, पुढे चाऱ्याने लादलेला ट्रॅक्टर, ओव्हरटेक करायला जागा नाही, आणि मी वीस मिनिटं त्याच्या मागे फर्स्ट-सेकंड करत. आधी मिसिंग सुरू झालं, म्हणजे इंजिन मधूनमधून ठोका चुकवू लागलं, मग सायलेन्सरमधून दोन फटाके, मग शांतता. पहिला संशय टाकीच्या झाकणावर. त्यातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि झाकण उघडताच ‘फुस्स’ होऊन गाडी पुन्हा चालते. झाकण उघडलं, फुस्स नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली: ठिणगी पिवळट, मेलेली. म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारी इग्निशन कॉइल. जुन्या कॉइलचं हे ठरलेलं असतं, तापली की दगा देते आणि गार झाली की साळसूद. चाळीस मिनिटांनी त्याच प्लगवर निळी ठिणगी आली आणि गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. तेव्हापासून सपाट रस्ता निवडताना मी त्यावर गावं आणि रेल्वेची फाटकं किती आहेत ते आधी बघतो.

चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तरी घाट थोडा वरचढ ठरतो. हवा पस्तीस अंशांच्या पुढे गेली की वारा अंगाला गार करण्याऐवजी तापवायला लागतो, गारवा काय तो घाम वाळण्यातून मिळेल तेवढाच. सपाटीवर दुपारी जाकीट उघडं टाकून चालवलं तर सुरुवातीला बरं वाटतं, पण तासाभरात डोकं जड होतं. शर्ट ओला करून वर जाकीट बंद ठेवणं जास्त चालतं. समुद्रकाठचा रस्ता हा तिसरा पर्याय, पण दमट हवेत घाम वाळतच नाही आणि खारं वारं स्पोक-चेनला गंजवतं. परतल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा कंटाळा नसेल तर जा.

संध्याकाळी निघावं का, असंही विचारतात. नवी गाडी असती तर हो म्हटलं असतं. जुन्या गाडीचा दिवा आयडलिंगला मिणमिणतो आणि आडरस्त्यावर गुरं बसलेली असतात.

एवढ्यावरून ठरत नसेल तर निघायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, टॉप गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर पिळा. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही, तर क्लचप्लेट घसरतायत आणि घाट बाद. दुसरी, टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे: 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, दहा वर्षं झालेल्या रबरावर घाट उतरू नये, आणि खरं तर सपाटीलाही जाऊ नये. हवा गाडी गार असताना भरा. उन्हात चालून टायर तापल्यावर प्रेशर जास्त दिसतं म्हणून ती काढू नका.

ब्रेक, क्लच, टायर तिन्ही ठीक असतील तर मी बेधडक घाट सांगेन, फक्त नऊच्या आत माथ्यावर. तिन्हीपैकी एकाचीही खात्री नसेल तर सपाटी, तीही झाडांची आणि कमी गावांची, आणि बारा ते चार गाडी सावलीत. सध्या मी स्वतः सपाटीलाच जातो, मागच्या टायरला नऊ वर्षं होत आलीत.