जुन्या भिंती, नवे बिऱ्हाड: चुना, डिस्टेंपर की इमल्शन?

वाटणीत एक सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागचे परडे एवढे वाट्याला आलेले तरुण जोडपे, घरभर भिंती धरून चालणारे लहान मूल आणि रंगाऱ्याने सांगितलेली रक्कम ऐकल्यावर 'मग आपणच का मारू नये' असा निघालेला विचार, हे चित्र बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दिवाळीच्या आधी अनेक घरांत दिसते. पुढचा प्रश्न दुकानात उभा राहतो, कारण तिथे चुना, डिस्टेंपर आणि इमल्शन (पाण्यात मिसळणारा, पुसता येणारा रंग) असे तीन मार्ग समोर येतात आणि दुकानदार बहुधा हातात शेड-कार्ड देतो. निर्णयाची सुरुवात मात्र शेड-कार्डाने होऊ नये. आपली भिंत कशाची आहे आणि तिच्यात ओल किती आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी निवड आपोआप होते.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात, कारण इथे एका टोकाचा सल्ला दुसऱ्या टोकाला चालत नाही. जांबोटी आणि कणकुंबीकडे सह्याद्रीचा धो धो पाऊस पडतो, तर अथणीकडे त्याचा थोडासाच अंश पडतो. खानापूर भागात जांभ्या दगडाच्या आणि मातीच्या भिंती अजून पुष्कळ आहेत, बेळगाव शहरातल्या शहापूर-वडगावसारख्या जुन्या वस्त्यांत एकाच घरात पुढची भिंत सिमेंटची आणि मागची मातीची असा प्रकार सर्रास आढळतो, आणि पूर्वेकडच्या काळ्या जमिनीवर उभ्या असलेल्या घरांना जमीन फुगण्या-आकसण्यामुळे दरवर्षी नव्या भेगा पडतात. अथणीच्या पाहुण्याच्या घरी उत्तम टिकलेला रंग खानापुरात पहिल्याच पावसाळ्यात फुगला, तर त्यात रंगाचा दोष असेलच असे नाही.

भिंतीची परीक्षा घरच्या घरी करता येते. आधी एखाद्या कोपऱ्यात पट्टीने थोडे खरवडून पाहावे आणि आत माती, चुना की सिमेंटचा गिलावा आहे ते ओळखावे. मग भिंतीवर ओंजळभर पाणी मारावे. पाणी लगेच शोषले गेले तर भिंत उघडी आहे, आणि ते थेंबाथेंबाने खाली ओघळले तर वर तेलरंगाचा किंवा इमल्शनचा थर आधीच बसलेला आहे. ओल पाहण्यासाठी दीड फूट लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरले तर ओल भिंतीतून येते आहे, आणि बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी बुरशीसारखी पूड दिसत असेल तर तो लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार. ते कोरड्या ब्रशने झाडून काढावेत. पाण्याने धुतले तर तेच क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात.

माती, जांभा किंवा चुन्याचा गिलावा आणि त्यात ओल, अशी भिंत असेल तर माझे मत स्पष्टपणे चुन्याच्या बाजूचे आहे. चुन्याचा थर वाफ अडवत नाही, त्यामुळे पावसाळ्यात भिंतीने प्यालेले पाणी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवेत निघून जाते. तो अतिशय क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशीही सहज धरत नाही. ओला असताना मारलेला हात जवळजवळ दिसतच नाही, आणि पहिल्यांदा काम करणारा माणूस तिथेच घाबरून दाट चुना फासू लागतो. तसे करू नये. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीत बदलतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीला लख्ख पांढरेपणा आलेला असतो. दाट मारलेल्या चुन्याचे मात्र पोपडे निघतात आणि भिंतीला टेकणाऱ्याच्या पाठीला पांढरे लागते.

प्रमाण असे ठेवावे: एक किलो कळीच्या (न विरवलेल्या) चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी, चोवीस तास मुरवण, नंतर जाड्याभरड्या कापडातून गाळणे, आणि दर दहा लिटर गाळलेल्या चुन्याला सुमारे 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालणे. पिवळट झाक नको असेल तर किंचित नीळ मिसळतात. डिंकाचा कंटाळा केला तर भिंत हाताला लागत राहते, म्हणून ती पायरी गाळू नये. भिंत आधी पाण्याने ओलसर करून घ्यावी, आणि पहिला फटकारा वरून खाली व खालून वर, लगेच त्यावर आडवा, असे प्रत्येक हाताला करावे. नव्या गिलाव्याला तीन हात लागतात, आधी चुना असलेल्या भिंतीला एक किंवा दोन पुरतात. केसांच्या महाग ब्रशचे केस चुना खातो, त्यामुळे काथ्याचा किंवा घायपाताचा कुंचाच बरा. रंग हवा असेल तर गेरू आणि पिवडी ही मातीची रंगद्रव्ये चुन्यात टिकतात. बाजारातले प्रत्येक रंगीत स्टेनर (छटेसाठी मिसळायचे रंगद्रव्य) टिकत नाही, काही महिन्यांत विटते.

चुन्याचे दोन मोठे तोटे आहेत. पहिला असा की तो पुसता येत नाही आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. दुसरा तोटा लहान मुलांच्या घरात अधिक गंभीर आहे. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळल्यासारखा खदखदतो, आणि विरलेला चुनासुद्धा डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. म्हणून चुना नेहमी पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, पातेले लोखंडी घ्यावे, डोळ्यांना चष्मा आणि हातांना रबरी मोजे असल्याशिवाय कामाला हात लावू नये, आणि त्या दिवशी मुलाला सरळ आजोळी पाठवावे. डोळ्यात थेंब गेलाच तर निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन तडक दवाखाना गाठावा. चुना विरवण्याचे धाडस नको असेल तर आधीच विरलेल्या चुन्याची फक्की पिशवीत मिळते. ती रात्रभर भिजवून वापरावी. मी तरुण कुटुंबाला हाच मार्ग सुचवीन.

डिस्टेंपरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खडूची भुकटी आणि तिला धरून ठेवणारा बांध अशी त्याची घडण असते. साधा कोरडा डिस्टेंपर ओल्या फडक्याने निघून येतो, आणि धुता येणारा म्हणून विकला जाणारा अॅक्रिलिक डिस्टेंपरसुद्धा जेमतेम पुसण्यापुरताच टिकतो. ओल असलेल्या भिंतीवर त्याचे पापुद्रे सुटतात, कोरड्या भिंतीवर तो दोन-तीन वर्षे चांगला दिसतो. मजुरी देऊन काम करून घेणाऱ्याला त्यात बचत दिसते, पण आपण स्वतः काम करतो तेव्हा हिशेब उलटा होतो. रंगकामाच्या खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो आणि तो आपण आधीच वाचवलेला असतो, मग साहित्यात थोडे वाचवून तीच घासाई, तीच लांबी (पुट्टी) आणि तेच कष्ट दोन वर्षांनी पुन्हा करण्यात शहाणपण नाही. भाड्याची खोली लवकर सोडायची असेल किंवा छत तेवढे पांढरे करायचे असेल, तर मात्र डिस्टेंपर चालून जातो.

सिमेंटचा कोरडा गिलावा असेल, विशेषतः मूल जिथे वावरते त्या खोलीत, तिथे इमल्शन घ्यावे. त्याचा पातळ सलग थर बसतो, तेलकट हात, पेन्सिल, वरणाचे डाग ओल्या फडक्याने बऱ्यापैकी निघतात, आणि तयारी नीट झाली असेल तर चार-पाच वर्षे पुन्हा पाहावे लागत नाही. ही तयारीच खरे काम आहे. सुटे पोपडे काढणे, भेगांत लांबी भरणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे, प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक हात, मग रंगाचे दोन हात, असा तो क्रम आहे, आणि यातल्या घासाईत टाळाटाळ झाली तर ट्यूबलाइट लावल्याबरोबर भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा दिसू लागतो. चुन्याच्या जुन्या भिंतीवर इमल्शन मारायचे ठरले तर सुटा चुना पूर्ण खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण रंग चुन्याला धरतो आणि चुना भिंतीला सोडतो. उलट, इमल्शन किंवा तेलरंग असलेल्या भिंतीवर चुना मुळीच धरत नाही, म्हणजे चुन्याकडून इमल्शनकडे जाणारी वाट बरीचशी एकेरी आहे. मातीच्या भिंतीवर हा निर्णय घाईने घेऊ नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

ओल्या मातीच्या भिंतीवर इमल्शन मारले तर काय होते, हे एखाद्या जुन्या घराच्या न्हाणीलगतच्या भिंतीवर पाहता येईल. आधी पुरीसारखे फुगे येतात, ते बोटाने दाबले की आत भुसभुशीत माती लागते, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर रंगाबरोबर गिलाव्याचा खपलाही हातात येतो. खालच्या तीन फुटांना चकचकीत तेलरंगाचा पट्टा मारून ओल झाकण्याची आपल्याकडे मोठी आवड आहे. त्याने ओल थांबत नाही. खाली वाट बंद झाली की ती भिंतीतून आणखी वर चढते आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला डाग उमटतात. त्याऐवजी तेवढ्या भागाला गेरूचा पट्टा द्यावा, दिसायलाही तो शोभतो.

मोसमाच्या बाबतीत इमल्शन आणि चुना एकमेकांच्या विरुद्ध आहेत. इमल्शनला भिंत कोरडी लागते, म्हणून पाऊस थांबल्यावर भिंतीला पुरते सुकू द्यावे आणि डिसेंबरनंतर काम काढावे. दिवाळीच्या आधीच रंग झाला पाहिजे हा हट्ट खानापूरकडे तरी सोडलेला बरा, आणि गणपतीच्या तोंडावर इमल्शन मारणे म्हणजे ओल आत कोंडणे आहे. चुन्याला मात्र ओलसरपणा हवा असतो. एप्रिलच्या भर उन्हात तो पकडण्याआधीच वाळतो आणि त्याची पूड होते, म्हणून सकाळी लवकर किंवा सावलीच्या बाजूने मारावा. दिवाळीपूर्वी काही तरी करायचेच असेल तर त्या दिवसांत चुना अधिक सोसतो.

साहित्याचा अंदाज घेण्यासाठी दहा बाय बाराची आणि दहा फूट उंच भिंतींची खोली धरू. चारही भिंती मिळून 440 चौरस फूट होतात, दार-खिडक्या वजा जाता सुमारे 390 उरतात. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 70 चौरस फूट असे लिहिले असेल तर साडेपाच लिटरच्या आसपास रंग लागेल. पण डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, आपली भिंत खडबडीत आणि आपला हात नवशिका, तेव्हा थोडा जास्तच धरावा. मशीनवर मिसळून घेतलेली छटा दुसऱ्या खेपेला तंतोतंत जुळेलच असे नसते, त्यामुळे एका खोलीचा रंग एकदाच आणावा. चुन्याच्या बाबतीत ही चिंता नाही. तिन्हींत तो सर्वांत स्वस्त आहे आणि कमी पडला तर पुन्हा भिजवता येतो.

मुलांना कामात घ्यायचे असेल तर इमल्शनची एक भिंत त्यांच्यासाठी राखावी. पाण्यात मिसळणारा रंग हाताला लागला तरी साबणाने निघतो, तळव्यांचे ठसे किंवा गेरूरंगाच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची चित्रे तिथे काढता येतात, आणि कंटाळा आला की वरून एक हात मारून भिंत मोकळी करता येते. दारे-खिडक्या मात्र मुलांसमोर घासू नयेत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2016 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा जुना तेलरंग कोरडा घासला तर त्याची धूळ जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातोंडाला लागते. तो पाणी लावून ओलाच घासावा, चिखलासारखी निघालेली माती गोळा करून टाकावी, झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी, आणि घरात गर्भवती असेल तर तिला या कामापासून दूर ठेवावे.

खोलीनिहाय विचार केला तर जांभ्याच्या किंवा मातीच्या घरात माजघर, कोठीची खोली आणि परड्याकडची भिंत यांना चुना द्यावा, आणि सोप्याची पुढची भिंत सिमेंटची व कोरडी असेल तर तिथे इमल्शन घ्यावे. स्वयंपाकघराचा प्रश्न थोडा अडचणीचा आहे, कारण फोडणीचा तेलकट धूर चुन्यावर बसला की भिंत लवकर काळवंडते, आणि भिंत ओली असेल तर इमल्शनही टिकत नाही. तिथे शेगडीमागच्या भागाला फरशी लावून घ्यावी आणि उरलेल्या भिंतीला दरवर्षी चुना मारण्याची तयारी ठेवावी. पूर्णपणे सिमेंटच्या नव्या घरात मी चुन्याचा आग्रह धरणार नाही, फक्त नवा गिलावा निदान महिनाभर सुकल्याशिवाय त्यावर इमल्शन मारू नये.

दहा फुटांच्या वरचे काम, आढ्यापर्यंत चढत गेलेली त्रिकोणी भिंत आणि बाहेरची बाजू रंगाऱ्याकडेच सोपवावी. टेबलावर स्टूल ठेवून रंगवलेल्या भिंतीत बचत नसते. त्याच्याशी ठरवताना साहित्य आपण आणून द्यायचे आणि मजुरी त्याची, असा व्यवहार ठेवावा, तसेच प्रायमर आणि घासाई कोण करणार हे आधीच बोलून घ्यावे, कारण मजुरीवरून वाद होतात ते बहुधा याच दोन गोष्टींवरून.