पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या घेताय? आमच्या बाबांचं काय झालं ते वाचा

गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे भागात ज्यांच्या घरी गुडघेदुखीचं, कंबरदुखीचं माणूस आहे आणि त्याला दवाखान्यातून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या बाबांना अशा गोळ्या जवळजवळ दोन वर्षं दिल्या गेल्या. त्यात स्टिरॉईड होतं, हे बांबोळीच्या सरकारी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं. त्या स्टिरॉईडने बाबांची साखर वाढली. वाढलेल्या साखरेवर त्याच डॉक्टरने औषधं सुरू केली, त्या औषधांसाठी महिन्याच्या महिन्याला रक्त काढलं, आणि प्रत्येक पायरीवर आमच्याकडून पैसे घेतले. डॉक्टरचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार केली आहे, ती चालू आहे.

बाबांनी सगळा जन्म कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत काढला. पोफळीवर चढणं, पाट काढणं, ओझी वाहणं. साठी ओलांडल्यावर गुडघे गेले. सकाळी खाटेवरून उठताना भिंत धरावी लागायची. गावापासून जवळच एक खाजगी दवाखाना आहे. डॉक्टर नोंदणीकृत, पाटीवर नंबर आहे, बोलायला गोड. "त्याच्या हाताला गुण आहे" असं आख्खा वाडा म्हणतो. बाबा गेले, सुई घेतली, पंधरा दिवसांच्या पुड्या घेऊन आले आणि तिसऱ्या दिवशी कुळागरात गेले. भूक वाढली, झोप चांगली लागायला लागली, चेहरा भरला. घरात सगळ्यांना आनंद झाला. कोणाला नाही होणार?

ती पुडी कशी असते ते नीट सांगते, कारण ओळखायची तीच जागा आहे. वहीच्या कागदाची चौकोनी घडी. आत तीन-चार गोळ्या एकत्र: एक मोठी पांढरी, एक पिवळी, आणि एक बारीक पांढरी, मुगाच्या दाण्याएवढी. वरून पेनने सूर्य काढलेला, म्हणजे सकाळची. चंद्र काढला की रात्रीची. गोळ्यांवर एक अक्षर छापलेलं नाही. चिठ्ठी नाही, बिल नाही. ती बारीक गोळी फक्त सूर्याच्या पुडीत असायची. सगळा खेळ त्या गोळीचा होता, असं आता वाटतं.

सहा-सात महिन्यांनी डॉक्टरने सांगितलं, साखर वाढली आहे. आमच्या घराण्यात कोणाला मधुमेह नाही, पण वय झालं म्हटल्यावर कोण शंका घेतो. त्याने एका कंपनीची गोळी लिहून दिली. दवाखान्याच्याच इमारतीत औषधांचं दुकान आहे, तिथे ती मिळायची. वाळपईत विचारलं, साखळीत विचारलं, मी फोंड्याला राहते तिथेही विचारलं. ते नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर आत ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन, जे देशातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात डझनभर नावांनी मिळतं. जनऔषधी केंद्रात साध्या मेटफॉर्मिनची दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आसपास येते. बाबांच्या गोळीवर छापलेली किंमत त्याच्या कितीतरी पट होती.

शिवाय रक्त. दर महिन्याला लॅबचा मुलगा स्कूटरवरून दवाखान्यात यायचा आणि "तीन महिन्यांची शुगर" म्हणून जी तपासणी सांगतात ती करायचा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी दर महिन्याला कशासाठी, हे मी एकदा विचारलं. "तुम्हाला वडिलांची काळजी नाही का?" असं उत्तर मिळालं. मुलीला असं विचारलं की ती गप्प बसते, हे त्याला ठाऊक होतं.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दवाखाना बंद राहिला. डॉक्टर बाहेरगावी गेला होता, पुड्या संपल्या. साखरेच्या गोळ्या मात्र घरात होत्या, त्या बाबा नेमाने घेत राहिले. चवथीच्या गडबडीत ते मलूल आहेत, जेवत नाहीत, एवढंच दादाच्या लक्षात आलं. मग उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी ते माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात तिच्याखाली, बसले ते उठलेच नाहीत, अंग गार, घामाने भिजलेलं, बोलणं तुटक. दादाने 108 ला फोन केला. वाळपईच्या आरोग्य केंद्रात पाहिलं तर रक्तदाब खाली आणि साखर तर फारच खाली. तिथे ग्लुकोज देऊन लगेच बांबोळीला पाठवलं.

बांबोळीला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाबांचा चेहरा पाहिला, मग हात पाहिले. चेहरा भरलेला म्हणून आम्ही खूश होतो, ती सूज होती. हातांवर जांभळे डाग होते, कातडी कागदासारखी पातळ झाली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सांध्यांसाठी पुडीतल्या गोळ्या घेतात का?" दादाने पिशवीतून रिकाम्या पुड्यांचे कागद काढले. सूर्य-चंद्र बघून त्या म्हणाल्या, असे कागद आम्ही नेहमी पाहतो.

त्यांनी समजावलं ते जसं कळलं तसं सांगते. आपलं शरीर स्वतःचं स्टिरॉईड रोज तयार करतं, मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथींमध्ये. बाहेरून गोळी मिळत राहिली की त्या ग्रंथी काम थांबवतात. मग गोळी एकदम तुटली तर शरीराकडे काहीच उरत नाही: उलट्या, अशक्तपणा, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. बाबांचं सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड, तपासलं, ते तळाला गेलेलं होतं. स्टिरॉईड बंद झाल्यावर साखरही उतरली, आणि वरून साखर उतरवण्याच्या गोळ्या चालूच होत्या. दोन्ही बाजूंनी घात झाला.

म्हणून हे वाचून कोणी घरातल्या पुड्या आजच फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉईड एकदम बंद करायचं नसतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात. पुड्या आणि कागद पिशवीत घालून सरकारी आरोग्य केंद्रात जा आणि "यात काय असेल ते बघा" म्हणा.

बाबा घरी आल्यावर मी त्या दवाखान्यात गेले. आवाज चढवला नाही. फक्त एवढंच म्हटलं की गोळ्यांची नावं कागदावर लिहून द्या, बांबोळीला दाखवायची आहेत. त्याने माझ्याकडे न बघता पुढच्या पेशंटला बोलावलं. पुन्हा म्हटलं तर, "नाव घेऊन काय करणार? गुण येत होता ना?" आणि मग, "तुमच्या वडिलांनी मध्येच औषध सोडलं, त्याला मी काय करू." सोडलं नव्हतं, त्याच्याकडचं संपलं होतं. आणि सोडायचं नाही असं त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर ते काय आहे तेही सांगावं लागलं असतं.

पैशाचं गणित मला समजावलं ते आमच्या ओळखीच्या एका एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने. बरीच वर्षं या धंद्यात आहे, त्यामुळे नाव देत नाही. बिननावाच्या गोळ्या हजार-हजारच्या डब्यात घाऊक मिळतात, स्टिरॉईडची गोळी तर सगळ्यांत स्वस्त, काही पैशांपासून एक-दोन रुपयांपर्यंत. पुडी बांधली की तिची किंमत डॉक्टर सांगेल ती. नाव नाही म्हणजे छापलेली किंमत नाही, आणि दुसऱ्या दुकानात जाऊन ताडून बघायची सोय नाही. साखरेची ती अनोळखी गोळी पीसीडी कंपनीची. अशा कंपन्या आपला माल एकेका भागात एकेका माणसाला देतात, तो ठरावीक डॉक्टरांना धरतो. पट्टीवर किंमत भरमसाट छापायची, दुकानाला ती चौथ्या हिश्शालाही पडत नाही, दहा घेतल्या की तीन फुकट. मधला पैसा दुकान आणि डॉक्टर वाटून घेतात. लॅबकडून प्रत्येक रक्तामागे कट. "वहिनी, डॉक्टरने आजार ओळखला तर त्याला एकदाच पैसे मिळतात. आजार चालू राहिला तर दर महिन्याला," असं तो म्हणाला तेव्हा मला शहारा आला.

मला यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या दवाखान्यात तपासणीची फी म्हणून वेगळी घेतच नव्हते. "औषधासकट तीनशे." आम्हाला ते स्वस्त वाटायचं. पण डॉक्टरने नुसतं तपासलं, बोलला, "औषधाची गरज नाही, वजन उतरवा, हा व्यायाम करा" म्हणाला, तर त्याचे पैसे द्यायला आपल्याकडे कोणी तयार नसतो. सुई दिली नाही तर दुसऱ्या दवाखान्यात जातात. सलाईन लावलं की ताकद आली म्हणतात. ज्याला कमवायचं आहे त्याने गोळी, सुई आणि सलाईनमधूनच कमवावं अशी ही रचना आहे, आणि तिच्यात सरळ वागणारा डॉक्टर मागे पडतो. असे सरळ डॉक्टर आहेत. बाबांचा जीव अशाच पगारी डॉक्टरांनी वाचवला, ज्यांना बाबांनी किती गोळ्या घेतल्या याच्याशी पैशाचा काही संबंध नव्हता. म्हणून मी सांगते, तपासणीची फी वेगळी घेणारा आणि स्वच्छ चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर महाग वाटला तरी तो धरा.

कायदा यात आपल्या बाजूचा आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. त्यांत पेशंट किंवा रक्ताचे नमुने पाठवल्याबद्दल कमिशन घेणं हे गैरवर्तन धरलं आहे. औषधाला स्पष्ट नाव हवं, गुप्त औषध देऊ नये, हेही त्यातच आहे. 2009 मध्ये कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंदीचं कलम आलं. 2016 मध्ये औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा बदल झाला. डॉक्टर स्वतःच्या पेशंटला स्वतः औषध देऊ शकतो, त्याला मनाई नाही. पण औषध शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतलं असेल, आणि स्टिरॉईड त्यात येतं, तर पाकिटावर डॉक्टरचं नाव, पत्ता आणि किती घ्यायचं ते हवं, आणि औषधाचं नाव, पेशंटचं नाव, तारीख त्याच्या नोंदवहीत हवी. ती वही दोन वर्षं ठेवावी लागते. सूर्य-चंद्र काढून भागत नाही.

मी गोवा मेडिकल कौन्सिलकडे तक्रार दिली आणि औषधांबद्दल वेगळी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, त्यांचं कार्यालयही बांबोळीलाच आहे. ग्राहक आयोगात जायचंही ठरवतो आहोत. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. उपचाराचे कागद लेखी मागितले तर 72 तासांत द्यायला हवेत. मी अर्जाची प्रत सही-शिक्का घेऊन ठेवली. कागद मिळाले नाहीत, पण मागितल्याचा पुरावा माझ्याकडे आहे.

बाबांचं स्टिरॉईड बांबोळीच्या डॉक्टरांनी कित्येक महिने थोडं थोडं करून उतरवलं. साखरेची गोळी आता बंद आहे. गुडघे दुखतात, ते दुखणारच, झिजलेत. मांडीचे व्यायाम, गरम शेक, आणि फार झालं तर पॅरासिटामॉल. पोफळीवर चढायला दुसरा माणूस ठेवला आहे. हाडं किती ठिसूळ झालीत आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू कशामुळे, हे अजून बघायचं आहे.

आमच्याच वाड्यावरच्या एका काकूंचा चेहरा तसाच भरलेला आहे आणि त्यांनाही अलीकडे "साखर निघाली" आहे. त्यांना घेऊन मी येत्या सोमवारी वाळपईला जाते आहे. त्या भागातल्या कोणाकडे असे कागद असतील, तर ते जपून ठेवा, मागे तारीख लिहा, दिलेले पैसे लिहा, पुडी उघडून गोळ्यांचा मोबाईलवर फोटो काढा. आमच्या तक्रारीत सगळ्यात मोठी अडचण हीच आहे की आमच्याकडे रिकामे कागद आहेत, गोळी एकही उरलेली नाही. कोणाकडे भरलेली पुडी असेल तर ती तपासायला देता येईल.